बैठक चुकवू नका

भगिनींनो, हप्ता थकला की रात्रीची झोप उडते. घरात बोलता येत नाही, आणि लाजेपोटी आपण बचत गटाची बैठकही टाळतो. नेमकी तीच बैठक चुकवू नका.

नाबार्डने १९९२ साली गट बँकांशी जोडायला सुरुवात केली. नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, वेळेवर परतफेड आणि चोख हिशेब ही गटाची पंचसूत्री. त्यात बैठक पहिली. दहा-वीस जणी पुन्हापुन्हा समोरासमोर बसल्या की शेजारणीची मैत्रीण होते, आणि मैत्रिणीला अडचण सांगता येते.

हप्ता चुकण्याआधीच सांगा. गट मिळून मुदत वाढवून देऊ शकतो. आणि एखादी दोनदा आली नाही, तर दंड लिहिण्याआधी तिच्या घरी जाऊन या.