फोटोची विटंबना आणि गावठाणाचा नकाशा

(विहाराच्या वर्धापनदिनी, वर्षावास काळात, झालेल्या भाषणाचा मजकूर)



महाकारुणिक तथागतांना आणि बोधिसत्त्व बाबासाहेबांना वंदन करून आम्ही बोलायला उभे आहोत. समितीने विषय दिला आहे, ‘महामानवांची विटंबना आणि आपले कर्तव्य’. विषय का दिला हे सर्वांना ठाऊक आहे. गेल्या उन्हाळ्यात एका गावच्या पोराने बाबासाहेबांचे घाणेरडे चित्र करून मोबाईलवर फिरवले. दुपारी चित्र आले आणि संध्याकाळच्या आत पोलीस ठाण्यासमोरचे पटांगण आपल्या माणसांनी भरून गेले. किन्हवलीकडून टेम्पो आला, सरळगावहून मोटारसायकली आल्या, बाया कामावरून घरी न जाता तशाच आल्या. रात्री गुन्हा नोंदवून घेतल्यावरच आपण उठलो. आम्हीही त्या गर्दीत होतो. त्याचा आम्हाला आजही अभिमान वाटतो.

पण त्याच महिन्यात आणखी एक गोष्ट घडली, ती कुणाला आठवते का बघा. आमच्या गावची ग्रामसभा होती. आपल्या वस्तीच्या रस्त्याचा ठराव होता. अनुसूचित जाती व नवबौद्ध वस्त्यांच्या विकासासाठी जो पैसा येतो, ज्याला आपण साध्या भाषेत दलित वस्तीचा फंड म्हणतो, त्यातला. सभेला गणपूर्ती झाली नाही म्हणून सभा तहकूब झाली. तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही, हे ज्यांना माहीत होते ते दुसऱ्या वेळी बरोबर हजर राहिले. आपल्या वस्तीतून चौघे होते, त्यात एकजण उशिरा आला. रस्ता झाला. चांगला काँक्रीटचा झाला. आपल्या वस्तीच्या तोंडाशी सुरू होतो आणि वस्तीला वळसा घालून वरच्या फार्महाऊसच्या गेटाशी संपतो. आतली गल्ली आहे तशीच चिखलाची. आज येताना तुमच्या चपला हातात घ्याव्या लागल्या असतील तर त्याचे कारण हे आहे.

चित्र काढणाऱ्या पोराचे नाव आपल्याला तोंडपाठ आहे. त्या ठरावावर सही कुणाची, सूचक कोण, अनुमोदक कोण, हे इथे बसलेल्या एकालाही सांगता येणार नाही. आम्हालाही इतिवृत्ताची नक्कल मागितल्यावरच कळले. अनुमोदक आपल्याच वस्तीतला होता. असो.

आता कुणी म्हणेल, हा गृहस्थ चित्राच्या अपमानाला क्षुल्लक म्हणतो आहे. तसे मुळीच नाही. ११ जुलै १९९७ ज्यांना आठवतो त्यांच्यापुढे असे बोलण्याची कुणाची हिंमत होणार नाही. घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात पहाटे बाबासाहेबांच्या पुतळ्याला चपलांचा हार घातलेला दिसला. लोक रस्त्यावर आले. राज्य राखीव पोलीस दलाने गोळ्या झाडल्या आणि दहा माणसे गेली. त्यांतली काही तर महामार्गावर नव्हतीच, आपल्या गल्लीत, घरापाशी होती. आपल्याकडून कसारा लोकलने कामाला गेलेली माणसे त्या रात्री किती उशिरा घरी पोचली, दारात बसून वाट पाहणाऱ्या बाया इथे आहेत, त्यांनाच विचारा. पुढे न्यायमूर्ती गुंडेवार आयोग बसला. गोळीबाराचा हुकूम देणाऱ्या अधिकाऱ्याला सत्र न्यायालयाने २००९ साली दोषी ठरवले, म्हणजे बारा वर्षांनी.

हार कुणी घातला याची चर्चा आपण पंचवीस वर्षे करतो आहोत. पण दहा माणसे हाराने मेली नाहीत. ती गोळीने मेली, आणि गोळी सरकारी होती. हार घालणारा अंधारात आला आणि पळून गेला. गोळी झाडणारे दिवसाढवळ्या, गणवेशात, हुकुमाने आले होते. वस्ती झोपडपट्टीची आणि निळ्या झेंड्याची आहे, इथे आधी गोळी झाडली तरी चालते, हा हिशेब कुणा एका माणसाच्या डोक्यात त्या सकाळी उगवला नव्हता. तो आधीपासून शिजत होता. आम्ही म्हणतो ती व्यवस्था ती हीच.

दुसरे उदाहरण २०१२ सालचे. अकरावीच्या एनसीईआरटीच्या राज्यशास्त्राच्या पुस्तकात शंकर यांचे १९४९ सालचे एक व्यंगचित्र होते. राज्यघटना गोगलगायीच्या चालीने चालली आहे, बाबासाहेब गोगलगायीवर बसलेले आणि मागे पंडित नेहरू चाबूक घेऊन उभे. पुस्तक २००६ पासून शाळांत चालू होते. मे २०१२ मध्ये संसदेत गदारोळ झाला, मंत्र्यांनी माफी मागितली, चित्र काढायचे ठरले. दुसऱ्या दिवशी पुणे विद्यापीठात प्रा. सुहास पळशीकर यांच्या कार्यालयाची मोडतोड झाली. ते त्या पुस्तकाच्या सल्लागारांपैकी होते. चित्र शाळकरी मुलांपुढे तसे ठेवायला नको होते, असे आमचेही मत आहे. पण एका अभ्यासकाची खुर्ची मोडून बाबासाहेबांचा मान वाढला असे आम्हाला वाटत नाही. ज्यांनी आयुष्यभर पुस्तके जमवली, त्यांच्या नावाने पुस्तकांच्या खोलीत दांडके?

बरे, हे सगळे झाले ते मे महिन्यात. त्याच वर्षी एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला आणि उत्तर प्रदेशातले पदोन्नतीतले आरक्षण गेले. ते देशभर टिकावे म्हणून घटनादुरुस्ती विधेयक आले. डिसेंबर २०१२ मध्ये राज्यसभेने मंजूर केले. लोकसभेत कागद हिसकावण्यापर्यंत प्रकार झाला, विधेयक अडकले ते अडकलेच आणि शेवटी बारगळले. चित्रासाठी संसदेला एक दिवस पुरला. विधेयकाला अख्खी मुदत पुरली नाही. दोन्ही वेळेला खासदार तेच, सभागृह तेच. चित्र काढून टाकायला कुणाच्याही खिशातले काही जात नाही. माफी मागितली की फोटो छापून येतो. पदोन्नती द्यायची म्हणजे खुर्ची द्यायची, आणि तिथे सगळ्यांचे हात आखडतात. विधेयक बारगळले तेव्हा आपल्या दोन तालुक्यांत किती मोर्चे निघाले? एकही नाही. आम्हीही काढला नाही.

२०२० हे साल तर नावे बदलण्याचेच साल होते. अमेरिकेत मे महिन्यात पोलिसाने जॉर्ज फ्लॉईड या काळ्या माणसाच्या मानेवर गुडघा दाबून त्याला मारले. लोक पेटून उठले. मग तिथल्या एका कंपनीने ‘आंट जेमिमा’ नावाच्या पिठाच्या पाकिटावरचे काळ्या बाईचे चित्र काढण्याचे जाहीर केले. ते नाव १८८९ पासूनचे, गुलामीच्या काळातल्या मोलकरणीची आठवण करून देणारे. आपल्याकडे ‘फेअर अँड लव्हली’चे ‘ग्लो अँड लव्हली’ झाले. (ट्यूब तीच, बायांनो! आणि आपल्या वधू-वर मेळाव्याच्या फॉर्मवर ‘रंग’ हा रकाना अजून आहे, तोही एकदा बघून घ्या.) आणि डिसेंबरमध्ये महाराष्ट्र सरकारने निर्णय काढला की, महारवाडा, बौद्धवाडा, मांगवाडा अशी वस्त्यांची जातिवाचक नावे बदलून समता नगर, भीम नगर, क्रांती नगर अशी नावे द्यावीत.

निर्णय चांगला होता. एसटीतून उतरताना कंडक्टरने खच्चून ‘महारवाडा’ ओरडावे आणि सगळ्या गाडीने वळून पाहावे, हे ज्यांनी सोसले त्यांना त्याची किंमत कळते. आमच्याकडेही पाटी लागली. निळ्या रंगाची, ठळक अक्षरांची.

पण त्या पाटीखाली उभे राहून जरा मागे बघा. वस्ती कुठे आहे? गावठाणाच्या बाहेर, ओहोळाच्या खालच्या अंगाला, जिथे वरच्या आळीचे पाणी वाहून येते. पणजोबांच्या वेळी जिथे होती तिथेच. स्मशान वेगळे. गावच्या स्मशानावर पत्र्याची शेड आहे, आपल्याकडे नाही. दोन वर्षांपूर्वी श्रावणात आमच्या भावकीतली एक म्हातारी गेली, तेव्हा चौघांनी ताडपत्रीचे चार कोपरे धरले आणि खाली अग्नी दिला. लाकडे ओली. डिझेल आणायला पोरगा हायवेच्या पंपावर गेला. त्या दिवशी कुणी आपला अपमान केला होता का? नाही. उलट गावातले शेजारी आले होते, कुणब्यांच्या घरची दोन माणसे तर ताडपत्रीला हात लावून उभी होती. भिजली बिचारी. आता गावात कुणी आपल्याला तोंडावर वाईट बोलत नाही, लग्नाला येतात, जेवून जातात. कुणाचीही नियत वाईट नसताना म्हातारी पावसात जळाली. कारण गावठाणाचा नकाशा कुणीतरी फार पूर्वी आखला, आणि फंड त्या नकाशावरून वाहतो.

अमेरिकेतही असाच एक नकाशा होता. १९३० नंतरच्या दशकात तिथल्या सरकारी खात्याने शहरांचे नकाशे केले आणि काळ्या लोकांच्या वस्त्या लाल रंगाने रंगवल्या. लाल भागात घरासाठी कर्ज देणे धोक्याचे. त्या नकाशात कुणाची टिंगल नव्हती, वाकडे नाक, जाड ओठ काढलेले नव्हते. नुसता लाल रंग. पण घर नाही म्हणून पुढे मुलांना शाळा चांगली नाही, असे पिढ्यान् पिढ्या चालले. १९६८ साली कायद्याने ते बंद झाले, तरी त्या वस्त्या आजही ओळखू येतात म्हणतात. बाबासाहेब १९१३ ते १९१६ न्यूयॉर्कला शिकले, १९४६ साली त्यांनी तिथल्या काळ्यांचे नेते डू बॉईस यांना पत्र लिहिले, १९७२ साली आपल्या तरुणांनी पँथर हे नाव तिकडूनच घेतले. हे नाते जुने आहे.

आणि आपल्या घरातलाच कागद घ्या. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशात अनुसूचित जाती म्हणजे फक्त हिंदू असे धरले होते. १९५६ साली आपण धम्म घेतला आणि केंद्राच्या यादीतून बाहेर पडलो. महाराष्ट्र राज्य झाल्यावर राज्यापुरत्या सवलती मिळाल्या, पण केंद्राची दारे १९९० साली उघडली. चौतीस वर्षे! रेल्वे, पोस्ट, बँक, केंद्राच्या सगळ्या नोकऱ्या. एक अख्खी पिढी. या चौतीस वर्षांत बुद्धाचे नाव घेतले म्हणून किती घरांच्या चुली मंद राहिल्या याचा हिशेब नाही. म्हणून तर कितीतरी बापांनी शाळेच्या दाखल्यावर ‘हिंदू महार’ तसेच ठेवले. त्यांना आपण नावे ठेवतो. ठेवू नका. त्यांच्या पोटात पोरांची भाकर होती. आज जातीच्या दाखल्याला १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा मागतात. ज्यांच्या आजोबाने शाळेचे तोंड पाहिले नाही त्याने पुरावा कुठून आणायचा? जमिनीचेही तसेच. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कौन्सिलात महार वतनाचे बिल आणले, वतने बंद झाली १९५८ च्या कायद्याने. आणि ज्यांच्या घरी तुकडा राहिला त्यांच्या सातबारावर ‘नवीन शर्त’ शिक्का बसला. कलेक्टरच्या परवानगीशिवाय विकता येत नाही. तरी आपल्या भागात मुंबईवाल्यांच्या नावाने ते तुकडे कसे झाले?

अ‍ॅट्रॉसिटी कायद्यात २०१६ पासून पुतळा, फोटो, तसबीर यांच्या विटंबनेचे कलम आहे. ते वापरलेच पाहिजे. स्मशानाच्या शेडसाठी मात्र कलम सापडत नाही. तिथे ठराव लागतो, आणि ठरावाला हात वर करणारी माणसे. १९२३ साली बोले ठराव झाला, सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले. महाड नगरपालिकेनेही तो मान्य केला. कागदावर तळे खुले होते. १९२७ साली बाबासाहेब हजारो माणसे घेऊन गेले आणि पाणी प्याले तेव्हा तो ठराव जिवंत झाला. त्यानंतर उच्च न्यायालयाचा निकाल लागायला १९३७ उजाडले.

एक कडू गोष्ट सांगतो, राग धरू नका. आपल्या तालुक्यात तानसा, मोडकसागर, भातसा ही धरणे आहेत, मुंबई त्यांचे पाणी पिते आणि उन्हाळ्यात आपल्याच पाड्यांवर टँकर येतो. टँकर आला की आपल्या वस्तीच्या ड्रमाआधी कातकरी वाडीचे ड्रम भरू द्यायचे नाहीत, असे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. पोर मळके दिसले की ‘कातकरी झालास का’ म्हणून ओरडणारी तोंडेही आपल्याच घरात आहेत. ती माणसे दिवाळीनंतर उचल घेऊन वीटभट्टीवर जातात, पोरांची शाळा सुटते, ग्रामसभेला त्यांचे कुणीच नसते. त्यांच्या वाडीचा नकाशा कुणी काढला आहे हे विचारताना आपल्याला थोडे अडखळायला होईल.

वेळ झाली, माई मागून खुणावत आहेत, खीर गार होते आहे. कामाचे तेवढे सांगतो. येत्या २ ऑक्टोबरला ग्रामसभा आहे. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले १५ टक्के मागासवर्गीयांसाठी खर्च करायचे असतात, ते कुठे गेले याची यादी माहितीच्या अधिकारात मागितली आहे, अर्जाची पोच समितीकडे आहे. स्मशान शेडचा ठराव लेखी तयार आहे, कातकरी वाडीच्या वेगळ्या पाणीटाकीचा ठराव त्यालाच जोडला आहे. जेवणानंतर ज्यांच्याकडे सातबारा असेल त्यांनी पडवीत बसा, पोरे वाचून देतील. चष्मा विसरलेल्यांनीही या. सभा सकाळी दहाला आहे. आणि तहकूब झाली तर घरी जाऊ नका, तिथेच थांबा.

जयभीम!