केकवरील नक्षी व दाबाची बाटली

भट्टींतून केक किंवा बिस्किटें बाहेर निघालीं म्हणजे पाककृतीचें काम संपलें आणि आतां उरली ती केवळ चित्रकला, अशी पुष्कळ घरांतून समजूत असते. त्यामुळें जिचा हात केक भाजण्यांत उत्तम बसलेला आहे अशी गृहिणीहि वरची नक्षी काढण्याची वेळ आली कीं मागें सरते. "आपल्याला कोठें चित्र काढतां येतें!" हें वाक्य अशा वेळीं हमखास ऐकूं येतें. वास्तविक या नक्षींत चित्रकलेचा वांटा बराच थोडा आहे. मोठा वांटा आहे तो साखरेच्या दाटपणाचा, आणि ती साखर ज्या तोंडांतून बाहेर पडावयाची त्या साधनाचा. अशा साधनांपैकीं अगदीं साधें, स्वस्त, आणि कदाचित् म्हणूनच धंदेवाईक मंडळींच्या कौतुकास फारसें न उतरलेलें साधन म्हणजे दाबाची बाटली.

ही बाटली कोणालाहि अपरिचित नाहीं. सँडविचच्या गाडीवर सॉसच्या व चटणीच्या ज्या मऊ, निमुळत्या तोंडाच्या बाटल्या असतात त्यांच्याच जातीची ही. फक्त आकारानें लहान व तोंडानें बारीक. तिची भिंत पुष्कळदां ज्या पॉलिथिलीनची असते, तें द्रव्य इंग्लंडांत नॉर्थविचजवळ विनिंग्टन येथें, इम्पीरियल केमिकल इंडस्ट्रीज या कंपनीच्या प्रयोगशाळेंत, १९३३ सालीं एरिक फॉसेट व रेजिनाल्ड गिब्सन या दोघां रसायनशास्त्रज्ञांच्या हातीं अनपेक्षितपणें लागलें. दुसऱ्या महायुद्धांत रडारच्या तारांवरील वेष्टनासाठीं त्याचा उपयोग झाला. युद्ध संपल्यावर, १९४७ सालीं, अमेरिकेंत ज्यूल्स मॉन्टेनियर यांनीं घामाच्या दुर्गंधीवरील आपला 'स्टॉपेट' नांवाचा द्रव अशा दाबाच्या बाटलींत भरून विकावयास काढला आणि दाबतांच उडणाऱ्या त्या फवाऱ्याचें लोकांना मोठें नवल वाटलें. सॉस, मध, डिंक हे पदार्थ तिच्यांत मागाहून शिरले. सॉसच्या बाटलीपासून साखरेच्या बाटलीपर्यंतचें अंतर कोणा तरी चतुर गृहिणीनें सहज तोडलें असावें.

केकवर साखरेचा लेप देण्याची चाल मात्र याहून कितीतरी जुनी. एलिझाबेथ रॅफल्ड या इंग्रज बाईंनीं १७६९ सालीं छापलेल्या आपल्या पाकग्रंथांत लग्नाच्या केकसाठीं बदामाचा एक थर व साखरेचा दुसरा थर सांगितला आहे. १८४० च्या फेब्रुवारींत राणी व्हिक्टोरियाच्या विवाहप्रसंगीं जो केक मांडला होता त्याचें वजन सुमारें ३०० पौंड होतें. अंड्यांतील पांढरा भाग व पिठीसाखर घोटून केलेल्या, वाळल्यावर कडक होणाऱ्या लेपाला 'रॉयल आयसिंग' हें नांव त्या विवाहामुळेंच पडलें असें सांगण्यांत येतें. पण तें नांव त्याच्याहि पूर्वीं प्रचारांत होतें. पुढें हा लेप कागदाच्या किंवा कापडाच्या कोनांत भरून, त्याच्या टोंकाला धातूचें नोझल बसवून, त्यांतून वेलबुट्टी काढण्याची कला इतकी वाढली कीं जोसेफ लँबेथ यांनीं १९३४ सालीं तिच्यावर स्वतंत्र ग्रंथच प्रसिद्ध केला. लँबेथ यांच्या पद्धतींत रेघेवर रेघ, तिच्यावर पुन्हां रेघ चढवून साखरेचें जणूं कोरीव काम उभें करतात. असें काम वर्षानुवर्षांच्या सरावावांचून साधत नाहीं, आणि घरगुती केकच्या वाट्याला तें यावें अशी अपेक्षाहि कोणी करूं नये.

कोन हातांत धरणें हीच मुळीं एक विद्या आहे. एका हातानें वरचें तोंड पिळून धरावयाचें, त्याच हातानें दाब द्यावयाचा, दुसऱ्या हातानें टोंक वळवावयाचें. पीळ सैल झाला कीं साखर मागच्या बाजूनें मनगटावर उतरते. बाटलीला पाठीमागून तोंडच नाहीं, तेव्हां हा प्रकार तिच्यांत संभवत नाहीं. ती पांच-सहा रंगांसाठीं पांच-सहा घेतां येते, टेबलावर उभी ठेवतां येते, झांकण लावून बाजूला सारतां येते. लहान मुलाच्या मुठींत ती मावते. संधिवातानें बोटें आंखडलेल्या आजीबाईंना कोनाचा पीळ धरवत नाहीं, पण लहान व मऊ बाटली तळव्यांत धरून दाबणें पुष्कळदां जमतें. नातवाच्या वाढदिवसाच्या केकवर त्याचें नांव स्वतःच्या हातानें लिहितां येणें ही गोष्ट अशा घरांत लहानसहान नव्हे. बाटली हें कसबी माणसाचें साधन नाहीं असा जो आक्षेप ऐकूं येतो तो म्हणूनच अर्धाच खरा आहे. कसब ज्याच्या हातीं नाहीं त्याचीच तर ही सोय.

परंतु बाटलीला एक जन्मजात खोड आहे, आणि ती ठाऊक नसल्यामुळें पुष्कळांचा विरस होतो. कोन दाबला कीं रिता होत होत चपटा होतो. त्याला पुन्हां फुगावयाची इच्छा नसते. बाटलीची भिंत मात्र लवचिक. दाब काढतांच ती पूर्वस्थितीवर येऊं पाहते आणि आंत मोकळी झालेली जागा भरून काढण्यासाठीं तोंडावाटें हवा ओढते. ही हवा साखरेंत बुडबुडा होऊन बसते, आणि पुढच्या खेपेस रेघ सुरेख चालली असतां मध्येंच 'फट्' असा आवाज होऊन साखरेचे शिंतोडे उडतात. नांवांतील एखाद्या अक्षराचा असा विध्वंस झाला म्हणजे दोष हाताला दिला जातो. हात बिचारा निरपराध असतो. यावर उपाय सोपा आहे. रेघ संपली कीं बाटलीचें तोंड आधीं आकाशाकडे करावें आणि मग मूठ सैल सोडावी, म्हणजे आंत जाणारी हवा साखरेच्या वरच राहते. पुन्हां लिहिण्यापूर्वीं बाटली उलटी करून तळहातावर दोन-तीनदां हलकेच आपटावी व पहिला थेंब बशींत टाकून पाहावा. काम चालूं असतां मधल्या वेळांत ती तोंड खालीं करून पेल्यांत उभी ठेवावी आणि पेल्याच्या तळाशीं ओलें फडकें घालावें. त्यानें साखर तोंडाशींच राहते व वाळून बूच बसत नाहीं.

आतां मुख्य प्रश्न दाटपणाचा. घरची जिलबी ज्यांनीं घातली आहे त्यांना हें समजावून सांगावयास नको. पीठ पातळ झालें तर कढईंत वेटोळें न राहतां पसरतें, घट्ट झालें तर धार तुटते, साखरेचेंहि तेंच. घरगुती प्रमाण असें धरावें: ४५० ग्रॅम आयसिंगची साखर, मेरँग पावडर, म्हणजे अंड्याच्या पांढऱ्या भागाची तयार मिळणारी पूड, तीन मोठे चमचे, आणि पाणी पांच ते सहा मोठे चमचे. साखर आधीं बारीक चाळणीनें चाळलीच पाहिजे, कारण मोहरीएवढा खडाहि बाटलीचें तोंड बंद करण्यास पुरतो. मिश्रण सात ते दहा मिनिटें घोटलें म्हणजे तें पांढरें स्वच्छ होऊन त्याचीं शिखरें उभीं राहूं लागतात. या अवस्थेंत तें कोनासाठीं योग्य, बाटलीसाठीं नव्हे. बाटलीसाठीं त्यांत अर्धा-अर्धा चमचा पाणी घालीत जावें आणि दर खेपेस भांड्यांतील साखरेवरून सुरीनें एक रेघ ओढून पाहावी. ती रेघ वीस सेकंदांच्या आसपास बुजली तर तें मिश्रण कडा काढण्यास व अक्षरें लिहिण्यास चांगलें. दहा ते पंधरा सेकंदांत बुजली तर आंतला भाग भरण्यास चांगलें. याहूनहि लवकर बुजली तर साखर बिस्किटाच्या कडेवरून खालीं ओघळणार असें समजावें व थोडी पिठीसाखर आणखी घालावी.

बाटलीचें तोंड किती बारीक कापावें याविषयीं उत्साहाच्या भरांत चूक होते. जितकें बारीक तितकी नक्षी नाजुक, असा हिशेब मनांत असतो. झां प्वाझय या फ्रेंच वैद्यांनीं १८४० च्या सुमारास बारीक नळ्यांतून वाहणाऱ्या द्रवांविषयीं जे प्रयोग केले, त्यांवरून असें ठरलें कीं नळीचा व्यास निम्मा केला तर तेवढ्याच दाबानें वाहणारा द्रव निम्मा न होतां सोळाव्या हिश्शावर येतो. घोटलेली साखर ही पाण्यासारखी सरळ स्वभावाची नव्हे, तेव्हां हा नियम तिला जशाचा तसा लागूं पडत नाहीं; तरी त्याचा रोख लक्षांत घेण्यासारखा आहे. तोंड जरासें लहान केलें कीं मुठीला कितीतरी अधिक जोर करावा लागतो, आणि जोर केलेली मूठ कांपते. अशा वेळीं अधिक दाबण्यापेक्षां साखरेंत दोन थेंब पाणी घालणें किंवा तोंड केसभर मोठें करणें शहाणपणाचें. कांहीं बाटल्यांना आट्याचें तोंड असून त्यांवर धातूचीं लहानमोठीं नोझलें चढवितां येतात. शक्य असल्यास तशाच घ्याव्या.

प्रत्यक्ष काम बिस्किटावर शिकावें, केकवर नव्हे; बिस्किट बिघडलें तर खाऊन टाकतां येतें. तें लाटून कापलेलें, सपाट व पूर्ण निवालेलें असावें. नानकटाईवर हा प्रयोग करूं नये, तिचा माथा फुगीर व भेगाळ असतो. रांगोळींत जशी आधीं बाहेरची रेघ काढून मग आंत रंग भरतात, तसेंच येथें. दाट साखरेनें कड आंखून घ्यावी, ती किंचित् सुकूं द्यावी, मग पातळ साखर आंत सोडावी व कोपऱ्यांपर्यंत टांचणीनें किंवा दांत कोरण्याच्या काडीनें सारावी. बाटलीचें टोंक बिस्किटाला टेकवून ओढूं नये. तें थोडें वर उचलून धरावें आणि साखरेची दोरी आपोआप खालीं निजूं द्यावी. सरळ रेघेचें सारें रहस्य यांतच आहे. भरलेला भाग ओला असतांनाच त्यावर दुसऱ्या रंगाचे ठिपके देऊन त्यांतून काडी ओढली तर बदामाच्या आकाराच्या पाकळ्या उठतात, आणि त्याला कसबाची गरज फार थोडी.

वाळण्यास मात्र धीर हवा. कोरड्या हवेंतहि भरलेलें बिस्किट रात्रभर उघडें ठेवावें लागतें. मुंबईच्या किंवा कोंकणच्या पावसाळ्यांत साखर दमट हवा शोषीत राहते, वरचा पापुद्रा चिकट राहतो व लाल-काळा रंग शेजारच्या पांढऱ्यांत उतरतो. अशा दिवसांत पंख्याखालीं वाळवावें, गडद रंग दुसऱ्या दिवशीं द्यावे, आणि लवकर सुकेल म्हणून बिस्किटें शीतपेटींत मुळींच ठेवूं नयेत. बाहेर काढतांच त्यांवर दंव धरतें.

लोण्याच्या आयसिंगची कथा निराळी. गुलाब, शिंपले, उभ्या पाकळ्या यांना जें घट्टपण लागतें तें बाटलींतून उतरत नाहीं. तेथें कोनच घ्यावा. लोणी सुमारें ३२ ते ३५ अंश सेल्सियसला वितळतें, म्हणजे उन्हाळ्यांतील खोलीची उष्णता आणि मुठीची ऊब एवढ्यानेंच त्याचा आकार जावयास लागतो. उलट केकच्या कडेवरून चॉकलेट व सायीच्या मिश्रणाचे ओघळ सोडणें हें बाटलीचें खास काम. चमच्यापेक्षां तिच्यानें प्रत्येक ओघळाची लांबी ठरवितां येते. नुसतें वितळलेलें चॉकलेट भरावयाचें असेल तर बाटली आंतून अगदीं कोरडी हवी. पाण्याच्या चार थेंबांनीं तें आंखडून खडबडीत होतें.

अंड्याविषयीं दोन शब्द आवश्यक आहेत. जुन्या पद्धतीप्रमाणें कच्च्या अंड्याचा पांढरा भाग वापरला तर तो लेप शिजत नाहीं, आणि कच्च्या अंड्यांतून साल्मोनेला या जंतूंची बाधा होऊं शकते. लहान मुलें, गर्भवती स्त्रिया व वृद्ध यांच्या पानांत असें आयसिंग वाढूं नये. जंतुनाशाची उष्ण प्रक्रिया केलेली पूड वापरावी. ज्यांच्या घरीं अंडें चालत नाहीं त्यांनाहि आतां मार्ग सांपडला आहे. काबुली हरभरे शिजवून उरलेलें घट्टसर पाणी अंड्याप्रमाणेंच फेसाळतें, ही गोष्ट २०१४ सालीं फ्रान्समध्यें झोएल रोसेल यांनीं प्रसिद्ध केली, आणि पुढच्याच वर्षीं गूस वोल्ट या अमेरिकन गृहस्थांनीं त्याला 'अक्वाफाबा' असें नांव दिलें. हें पाणी बिनमिठाचें व आटवून दाट केलेलें असावें. त्याचा लेप वाळण्यास थोडा अधिक वेळ घेतो, इतकेंच.

बाटल्या या कामासाठीं निराळ्या राखाव्या. जिच्यांत एकदां तेल किंवा चटणी भरली तिला वास व तेलकटपणा धरून बसतो, आणि तेलाचा अंशहि अंड्याचा फेस बसविण्यास पुरेसा होतो. काम संपल्यावर त्या कोमट पाण्यांत भिजत घालाव्या, तोंडांतील साखर सुईनें न टोंचतां विरघळूं द्यावी, व धुऊन उलट्या टांगून वाळवाव्या. साखर उरलीच तर ती बाटलींत तशीच ठेवूं नये. दुसऱ्या दिवसापर्यंत पाणी खालीं व साखर वर अशी तिची फाटाफूट झालेली असते. ती घट्ट झांकणाच्या डब्यांत काढून शीतपेटींत ठेवावी आणि वापरण्यापूर्वीं पुन्हां वाडग्यांत घोटून, सुरीची रेघ ओढून, किती सेकंदांत बुजते तें मोजून मगच बाटलींत भरावी.