दाब, प्रवाह आणि न दिसणारा रोध

(ग्रामपंचायत सदस्य, ग्रामसेवक व शिक्षक यांच्या तालुका प्रशिक्षण वर्गातील भाषण)



विजेवर बोलण्यासाठी माझी योजना झाली, तेव्हा प्रथम मीच संकोचलो. मी कला शाखेचा पदवीधर. माहिती खात्यातील माझी बहुतेक वर्षे बातम्या आणि पत्रके लिहिण्यात गेली. तथापि मागील हिवाळ्यात एका वसतिगृहाच्या भेटीत जे पाहिले, त्यामुळे शाळेत घोकलेला एक नियम मला नव्याने समजला. आज तेवढेच सांगणार आहे.

त्या वसतिगृहात मुलांच्या स्नानासाठी पाणी तापवण्याचा २००० वॅटचा हीटर आहे. पाणी पूर्वीसारखे तापत नाही, ही मुलांची तक्रार. स्नानगृहाच्या वाटेवर, भिंतीवरील लाकडी खोक्यापाशी जळका वास येतो, ही स्वयंपाकीणबाईंची. पहिल्या तक्रारीवरून नवा हीटर घेण्याचे ठरत आले होते. दुसरीकडे कोणी लक्ष दिले नव्हते, कारण फ्यूज एकदाही उडाला नव्हता. फ्यूज शाबूत म्हणजे सारे ठीक, अशी आपल्याकडे सार्वत्रिक समजूत आहे. वायरमनने येऊन दाबही मोजला होता. तो मीटरपाशी आणि हीटरपाशी सारखाच, २३० व्होल्ट भरला. मात्र हे मोजमाप हीटर बंद ठेवून झाले होते.

शेजारच्या शाळेतील विज्ञानाच्या गुरुजींनी ते हीटर चालू ठेवून पुन्हा करावयास लावले. आता मीटरच्या फळीवर २३० व्होल्ट, हीटरच्या टोकांशी २१२ व्होल्ट आणि तारेतून ८ अँपिअर प्रवाह, असे तीन आकडे मिळाले. पुढचे सारे काम खडू-फळ्यावर झाले.

दाबाला प्रवाहाने भागले की रोध मिळतो, तो ओहममध्ये. दाबाला प्रवाहाने गुणले की शक्ती मिळते, ती वॅटमध्ये. नियम एवढाच. गुरुजींनी प्रथम हीटरची परीक्षा घेतली. २१२ भागिले ८, म्हणजे साडेसव्वीस ओहम. २३० व्होल्टवर २००० वॅट देणाऱ्या हीटरचा रोध किती असावा? २३० चा वर्ग भागिले २००० केले, तर उत्तर तेच येते. याचा अर्थ हीटर निर्दोष होता, आणि नव्या हीटरचा खर्च व्यर्थ गेला असता.

मग वाटेचा हिशेब. मीटरपासून हीटरपर्यंत १८ व्होल्ट गळाले. १८ भागिले ८ म्हणजे सव्वादोन ओहम. तार तांब्याची, दीड चौरस मिलिमीटर जाडीची. तिचा रोध किलोमीटरला सुमारे १२ ओहम. अंतर ४० मीटर, परंतु वीज जाते आणि परतते, म्हणून ८० मीटर धरावयाचे. तारेच्या वाट्याला जेमतेम १ ओहम आला. उरलेला सव्वा ओहम कोठे दडला होता? वाटेत सांधा एकच होता, आणि तो त्या लाकडी खोक्यात!

प्रवाहाचा वर्ग गुणिले रोध म्हणजे तेथे उत्पन्न होणारी उष्णता. ८ चा वर्ग ६४, गुणिले सव्वा, म्हणजे ८० वॅट. ऐकावयास आकडा किरकोळ वाटतो. पण रेडिओ दुरुस्त करणाऱ्याचा कथील वितळवणारा सोल्डरिंग आयर्न साधारणतः २५ वॅटचा असतो. तसे तीन आयर्न लाकडी खोक्यात रोज पहाटे तासन् तास तापत ठेवल्यासारखे होते, आणि भिंतीपलीकडे मुले झोपलेली.

फ्यूज का उडाला नाही, हे येथे ध्यानी यावे. फ्यूज ओळखतो तो प्रमाणाबाहेर वाढलेला प्रवाह. सैल सांधा रोध वाढवतो, म्हणजे प्रवाह घटवतो. पावणेनऊ अँपिअर जावयाचे तेथे ८ च जात होते. हीटर बंद असताना दोष न सापडण्याचे कारणही हेच आहे. प्रवाह शून्य, तर गळतीही शून्य. मीटर मात्र २३० गुणिले ८, म्हणजे १८४० वॅटची नोंद करीत होता आणि पाण्याला मिळत होते १६९६ वॅट.

हा नियम मांडणारा गेओर्ग ओहम हाही शाळामास्तरच होता. जर्मनीतील एर्लांगेन गावच्या कुलूप बनवणाऱ्या कारागिराचा हा मुलगा. कोलोन येथे शिकवता शिकवता त्याने प्रयोग केले आणि १८२७ साली ग्रंथ प्रसिद्ध केला. स्वदेशात त्याची फारशी कदर झाली नाही. लंडनच्या रॉयल सोसायटीने कॉप्ली पदक दिले ते १८४१ साली. शिक्षक मंडळींना यात नवल वाटणार नाही.

एक सावधगिरीची सूचना. हे गणित हीटर, इस्त्री, शेगडी यांना चपखल लागू पडते. पाण्याच्या पंपाला नाही. दाब उतरला की हीटर कमी प्रवाह घेतो, पण भार ओढणारी मोटर बहुधा अधिक प्रवाह घेऊ लागते आणि तिची गुंडाळी तापते. शिवाय मोटरच्या बाबतीत व्होल्ट आणि अँपिअर यांचा सरळ गुणाकार म्हणजे खरी शक्ती नव्हे. आणि मोजमाप परवानाधारक वायरमननेच करावे. आपण आकडे मागून घ्यावेत व वजाबाकी-भागाकार करावा.

वसतिगृहातील खोके मुख्य स्विच बंद करून उघडले, तेव्हा आत तांब्याची आणि ॲल्युमिनियमची तार एकमेकींना पिळून चिकटपट्टी गुंडाळलेली निघाली. पट्टीचा कोळसा झाला होता आणि लाकूड आतून काळवंडले होते. ॲल्युमिनियमचा तुकडा काढून सांधा नीट बांधल्यावर हीटरपाशी २२२ व्होल्ट भरले. राहिलेले ८ व्होल्ट बारीक तारेत जातात. तिच्या जागी अडीच चौरस मिलिमीटरची तार ओढण्याचा अंदाज गुरुजींनीच करून व्यवस्थापन समितीकडे दिला आहे.