दोन तासांचा रस्ता
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी सातवी झालेली बाई. भाषणाला उभी राहण्याची ही पहिलीच वेळ, तेव्हा चुकले तर सांभाळून घ्यावे.

२०२२ च्या मार्चमध्ये मी गिरगावात माझ्या बहिणीकडे गेले होते. २७ तारखेचा रविवार. मुंबई पोलिसांनी त्या दिवशी मरीन ड्राइव्हसह काही रस्ते सकाळी ८ ते १० मोटारींना बंद ठेवले होते. जाऊन पाहते तो काय, भर रस्त्यात मुले सायकली फिरवीत आहेत, म्हातारी माणसे आसने करीत आहेत! एक मुलगी दोरीवरच्या उड्या मारीत होती. म्हणाली, "मावशी, या ना." मी पदर खोचला. अकरा उड्या झाल्या आणि धाप लागली. लग्नाला वीस वर्षे झाली, तेवढ्यात मी एकदाही उडी मारलेली नव्हती, हे तेव्हा ध्यानात आले.

आपण म्हणतो, घरकामात व्यायाम होतोच. मीही म्हणत असे. पण ओट्याशी उभे राहून गुडघे तेवढे दुखतात, दम काही वाढत नाही. मोठ्या माणसाने आठवड्यातून निदान १५० मिनिटे, श्वास जरा जलद होईल इतपत हालचाल करावी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते.

ही कल्पना मूळची मुंबईची नव्हे. दक्षिण अमेरिकेत कोलंबिया देशाची राजधानी बोगोटा, तेथे १९७४ साली तिचा आरंभ झाला. आता तेथे दर रविवारी शंभराहून अधिक किलोमीटर रस्ते सायकलींना व पायी चालणारांना मोकळे असतात. पुण्यातही ११ डिसेंबरला लक्ष्मी रोडवर पादचारी दिन झालेला आहे.

देवळालीची हवा चांगली म्हणून लोक लांबून येथे येतात. आणि आपण? माझी धाकटी तेरा वर्षांची. तिची सायकल दारात उभी. लॅम रोडच्या रहदारीला भिऊन मीच ती बाहेर काढू देत नाही. मुलगा त्या वयाचा होता तेव्हा त्याला मात्र अडवले नव्हते, हेही कबूल करते.

लॅम रोड बंद करा, असे माझे म्हणणे नाही. लष्कराच्या गाड्या, बस यांची वाट कोण अडवील? आपली मागची गल्ली, रविवारी ७ ते ९, एवढेच. कोणाला दवाखान्यात न्यायचे झाले तर दोरी सोडायला दोघीजणी टोकाला उभ्या राहतील. बायका रस्त्यात उड्या मारतात, असे लोक म्हणतील. म्हणोत.

पोलिसांना द्यावयाचा अर्ज धाकटीनेच लिहिला आहे. चहा घेताना सर्वांनी सह्या कराव्यात. माझ्या सासूबाईंनी सकाळीच केली आहे.