गिधाडे परत यावीत म्हणून



आपणांपैकी ज्यांचे केस पिकले आहेत, त्यांना आठवत असेल. यवतमाळकडच्या खेड्यांत बैल मेला की गावाबाहेर टाकीत आणि बघता बघता आभाळातून गिधाडे उतरत. मागे हाडे तेवढी उरत. आजच्या मुलांनी हे पाहिलेले नाही. १९९२ ते २००७ या काळात भारतातील पांढऱ्या पाठीची गिधाडे हजारात एक, एवढीच उरली. त्यांची जागा भटक्या कुत्र्यांनी घेतली.

ही गिधाडे कोणी बंदुकीने मारली नाहीत. गुरांची सूज व वेदना कमी करणारे डायक्लोफेनॅक हे औषध त्यांना भोवले, असे २००४ साली पाकिस्तानातील संशोधनाने दाखवून दिले. औषध टोचलेले जनावर लवकरच मेले आणि ते गिधाडांनी खाल्ले, की त्यांची मूत्रपिंडे निकामी होतात. एका मढ्यावर पुष्कळ गिधाडे जेवतात. म्हणून शंभरात एखादे मढे विषारी असले तरी घात होतो. शिवाय मादी वर्षाला एकच अंडे घालते. झालेली हानी लवकर भरून येत नाही.

२००६ साली सरकारने गुरांसाठी या औषधावर बंदी घातली. तरी माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात जाऊ लागल्या. म्हणून २०१५ साली बाटली तीन मिलिलिटरची ठरविण्यात आली. २०२३ साली किटोप्रोफेन व ॲसिक्लोफेनॅक हीही गुरांसाठी बंद झाली. हरियाणातील पिंजोर येथे वाढविलेली गिधाडे २०२४ साली पेंच आणि शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यातील ताडोबा येथे आणण्यात आली.

पिंजोरचे केंद्र चालविण्यात ज्या बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीचा वाटा आहे, तिच्या दारी एके काळी एक मुलगा मारलेली चिमणी घेऊन गेला होता. तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका होता. ही कोणती चिमणी, एवढेच त्याला विचारायचे होते. तो मुलगा म्हणजे पक्षिशास्त्रज्ञ डॉ. सालिम अली.

मित्रहो, तुम्हीही एक प्रश्न विचारा. घरच्या बैलाला सुई टोचण्यापूर्वी, औषध कोणते, हे अदबीने विचारा आणि बाटलीवरचे नाव स्वतः वाचा. मेलोक्सिकॅम हे गिधाडांना सुरक्षित ठरलेले औषध मिळते. तेच चालेल काय, हे पशुवैद्यांना विचारा. ताडोब्यात सोडलेले गिधाड उडत आपल्या शिवारात उतरले, तर त्याच्यापुढे येणारे मढे निर्विष असले पाहिजे. ते पाहणे सरकारच्या हाती थोडे आणि आपल्या गोठ्याच्या हाती फार आहे.