स्नायुबळ : उतारवयाची खरी पुंजी

(ज्येष्ठ नागरिक व त्यांच्या कुटुंबीयांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित पाठ)



घरातील वडीलधाऱ्यांनी साठी ओलांडली की, ‘आता तुम्ही फक्त आराम करा’ असे त्यांना प्रेमाने सांगितले जाते. पाण्याचा तांब्या जागेवर आणून दिला जातो, बाजाराची पिशवी हातातून काढून घेतली जाते. या प्रेमाविषयी शंका नाही. पण शरीरशास्त्र काय सांगते ते जाणून घेतल्यास त्याची रीत मात्र बदलावी लागेल.

आपल्या शरीरात हाडांना जोडलेले सहाशेहून अधिक स्नायू आहेत. प्रौढ माणसाच्या वजनाचा साधारण ३० ते ४० टक्के भाग त्यांचाच असतो. हालचाल आणि तोल सांभाळणे हे त्यांचे उघड कार्य होय. परंतु जेवणानंतर रक्तात येणारी साखर सामावून घेण्याचा मोठा भारही तेच उचलतात. आजारपणात अन्न जात नाही, तेव्हा शरीर आपली प्रथिनांची निकड याच साठ्यातून भागवते. म्हणूनच मी स्नायूंना पुंजी म्हणतो.

ही पुंजी तिशी-चाळिशीनंतर हळूहळू ओसरू लागते. मज्जारज्जूतील काही चेतापेशी नष्ट होतात व त्यांच्या आज्ञेत असलेले तंतू पोरके होतात. त्यातही जलद आकुंचन पावणारे तंतू अधिक बारीक होतात. आणि ठेच लागली असता क्षणार्धात सावरण्याचे काम नेमके त्यांचेच असते! स्नायूंच्या वस्तुमानापेक्षा त्यांची ताकद अधिक वेगाने घटते. १९८९ मध्ये अमेरिकन संशोधक आयर्विन रोझेनबर्ग यांनी या क्षयाला ग्रीक शब्दांवरून ‘सार्कोपेनिया’, म्हणजे मांसाची उणीव, असे नाव दिले. २०१६ मध्ये अमेरिकेत त्याला आजार म्हणून स्वतंत्र सांकेतिक क्रमांकही मिळाला.

पण दोष सर्वस्वी वयाचा आहे काय? २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात सरासरी ६७ वर्षे वयाच्या निरोगी व्यक्तींना दहा दिवस अंथरुणात ठेवले गेले. तेवढ्यात त्यांच्या पायांतील सुमारे एक किलो मांस घटले. याची दुसरी बाजू १९९० मध्येच पुढे आली होती. डॉ. मारिया फियातारोने यांनी बोस्टन येथे नव्वदीच्या घरातील दुर्बल वृद्धांकडून आठ आठवडे वजनाचे व्यायाम करून घेतले. ज्यांनी ते पूर्ण केले, त्यांच्या पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. दोघांनी काठी टाकली. नव्वदीतही स्नायू हाक ऐकतात, हा त्याचा अर्थ.

नुसत्या आहाराने हे साधत नाही. याच संशोधकांनी १९९४ मध्ये शंभर वृद्धांवर केलेल्या प्रयोगात व्यायामाने ताकद वाढली. व्यायामाविना दिलेल्या पूरक आहाराने मात्र नाही. तथापि, विटांशिवाय भिंत उभी राहत नाही, हेही खरे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढांना दर किलो वजनामागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिने हवीत. वृद्धांसाठी अनेक तज्ज्ञ १ ते १.२ ग्रॅम सुचवतात. म्हणजे ६० किलोच्या व्यक्तीस ६० ते ७२ ग्रॅम. आपली वरण-भाताची जोडी शास्त्रशुद्ध आहे. भाताची उणीव डाळ भरून काढते. अडचण प्रमाणाची आहे. तीस ग्रॅम डाळीतून सहा-सात ग्रॅमच प्रथिने मिळतात, पेलाभर दुधातून जवळजवळ तितकीच. वृद्ध स्नायूंना प्रत्येक जेवणात पुरेशी मात्रा लागते. रात्री चहा-बिस्किटांवर भागवणे म्हणजे पुंजीला हात घालणे होय. वरण घट्ट करा. उसळ, दही, शेंगदाणे, चालत असल्यास अंडी ताटात येऊ द्या. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी मात्र डॉक्टरांना विचारूनच प्रथिने वाढवावीत.

आपल्याला हे अधिक लागू आहे. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये दाखवून दिले की, आपली नवजात बालके इंग्लंडमधील बालकांपेक्षा वजनाने कमी भरतात. त्यांच्यात मांस कमी, पण चरबी त्या मानाने टिकून असते. म्हणजे मुळातच भांडवल थोडे! मधुमेहाच्या आपल्या प्रश्नाचे एक मूळ इथेही आहे.

मग करावे काय? चालणे उत्तम, पण पुरेसे नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शनानुसार आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंना बळ देणारा व्यायाम हवा आणि पासष्टीपुढे तीन दिवस तोल सांभाळण्याचाही. आखाड्यांनी जोर-बैठका दिल्या, औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी सूर्यनमस्कार घरोघरी नेले. ही साधने आपल्या घरचीच आहेत. ज्यांना बैठक जमत नाही, त्यांनी हातांचा आधार न घेता खुर्चीतून दहा वेळा उठावे. जमू लागले की संख्या वाढवावी, मग हातात पाण्याची बाटली घ्यावी. भार हळूहळू वाढलाच पाहिजे, अन्यथा स्नायूंना वाढण्याचे कारण उरत नाही. हृदयविकार किंवा रक्तदाब असल्यास आधी वैद्यकीय सल्ला घ्यावा, जोर लावताना श्वास रोखू नये.

तरुणांना एकच सांगणे आहे : वडिलांची सेवा करा, पण त्यांची कामे हिरावून घेऊ नका. आपल्या पायांवर उभे राहून शेवटपर्यंत स्वतःचे स्वतः करता यावे, याहून मोठी प्रतिष्ठा म्हातारपणाला नाही.