रेचल कार्सन यांचे घर



अमेरिकेतील पेन्सिल्व्हेनिया राज्यात, अलेगेनी नदीच्या काठी स्प्रिंगडेल नावाचे गाव आहे. तेथे एक साधे लाकडी घर जतन करून ठेवलेले आहे. मूळचे ते अवघ्या चार खोल्यांचे. आत नळाचे पाणीदेखील नव्हते. रेचल कार्सन यांचा जन्म २७ मे १९०७ रोजी झाला, व त्यांचे बालपण येथेच गेले. कीटकनाशकांच्या बेसुमार फवारणीने पशुपक्ष्यांवर व माणसांवर काय ओढवते, ते त्यांनी १९६२ साली ‘सायलेंट स्प्रिंग’ या ग्रंथात मांडले. १९७२ साली अमेरिकेने पिकांवरील डी. डी. टी.चा वापर जवळजवळ बंद केला.

असल्या घरात मनुष्य थोरांच्या वापरातील वस्तू शोधतो. शिक्षकाने तेथे रेचलची आई शोधावी. मारियाबाई विवाहापूर्वी शिक्षिका होत्या. विवाहित स्त्रीने शाळेत शिकवू नये, अशी त्या काळची रीत. नोकरी सुटली, शिकविणे मात्र सुटले नाही. घराभोवतीच्या सुमारे पासष्ट एकरांत त्या मुलीला घेऊन हिंडत. पक्षी, किडे, फुले दोघी मिळून ओळखीत. घरात शिरलेला किडा त्या न मारता बाहेर नेऊन सोडीत. अकराव्या वर्षी रेचलची गोष्ट मुलांच्या मासिकात छापून आली. पुढे तिच्या महाविद्यालयीन शिक्षणासाठी याच माउलीने पियानोच्या शिकवण्या केल्या, घरची चिनी मातीची भांडी विकली.

“आमच्याकडे कोठले आले पासष्ट एकर?” असे डोंबिवलीचे गुरुजी म्हणतील. परंतु स्प्रिंगडेल हे काही तपोवन नव्हते. गावात सरसाचा कारखाना होता व त्याची दुर्गंधी दूरवर पसरे. पुढे नदीकाठी कोळशाची वीजकेंद्रेही उभी राहिली. कल्याणच्या मुलांना उल्हास नदी आहे. ठाण्याच्या मुलांना खाडी आहे. तेथे रोहित पक्षी उतरतात, आणि २०२२ साली ती रामसर स्थळांच्या यादीत गेली. मुरबाड-शहापूरकडे तर कित्येक शाळांच्या कुंपणापलीकडेच रान. तेथील आदिवासी मुलांना पाखरांची नावे पुष्कळदा गुरुजींहून अधिक ठाऊक असतात. अशा वेळी गुरुजींनी खुशाल विद्यार्थी व्हावे.

पहिल्या पावसानंतर एक तास मुलांना बाहेर न्यावे. परतल्यावर दिसलेल्या पाखरांची, किड्यांची, रोपांची नावे त्यांनीच फळ्यावर लिहावीत. आणि ज्याचे नाव कोणालाच आले नाही, त्याची जागा मोकळी ठेवावी.